सही शुक्रवारी दुपारीच घे

अगं, उत्तर लंडनच्या मानसोपचार वॉर्डात रुजू होतेस, म्हणून हे आधीच सांगते. स्टॅमफर्ड हिल, गोल्डर्स ग्रीनकडचे ज्यू रुग्ण तुझ्याकडे येतील. कुणी कडक धर्म पाळणारे, कुणी सिनेगॉगची पायरीही न चढणारे. नावावरून काही ठरवू नकोस. "तुम्ही काय काय पाळता?" असं सरळ विचार.

पूर्वी शनिवारी घाणा बंद ठेवणारे आपल्या कोकणातले शनवार तेली, म्हणजे बेने इस्रायल, तुला ठाऊक आहेत. तोच हा शब्बाथ. शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी रात्री चांदण्या दिसेपर्यंत पाळणारा माणूस लिहीत नाही, दिव्याचं बटण दाबत नाही. शनिवारी सकाळी एखादीने कागदावर सही केली नाही, की नोंदीत 'सहकार्य करत नाही' असं पटकन लिहिलं जातं. तू लिहू नकोस. वॉर्डात शब्बाथची मेणबत्ती चालत नसेल, तर बॅटरीच्या दिव्याचं आधीच बोलून ठेव. जिवावर बेतलं तर मात्र शब्बाथ मोडायचाच, हे त्यांचाच धर्म सांगतो.

डोळ्यांत तेल घालून सांभाळायचा दिवस म्हणजे योम किप्पूर, सप्टेंबर-ऑक्टोबरात येतो. सुमारे 25 तास पाण्याचा थेंबही नाही. लिथियम घेणाऱ्याच्या अंगातलं पाणी कमी झालं की रक्तातलं लिथियम चढतं. हात थरथरतात, उलट्या होतात, तोल जातो, बोलणं जड होतं. म्हणून हा विषय काही आठवडे आधीच काढ. रुग्णाची हरकत नसेल तर डॉक्टर आणि त्याचे धर्मगुरू, म्हणजे रब्बी, यांची गाठ घालून दे. "आजारी आहात, पाणी प्या," हे आपण कितीदा सांगितलं तरी मन खातं गं त्याचं. रब्बींनी सांगितलं की तोच माणूस निवांत पेला तोंडाला लावतो. एखादा तीच प्रार्थना चुकली-चुकली म्हणत दहादा म्हणत असेल, तिथेही त्यांना विचार. धर्माला इतकं लागत नाही, हे तेच ठामपणे सांगू शकतात.

घरात कुणी गेलं असेल तर सात दिवस शिवा: आरसे झाकलेले, बुटक्या स्टुलावर बसणं, दाढी वाढलेली. आपल्या सुतकासारखंच. एवढ्यावरून नैराश्य ठरवू नकोस. पण झोप, जेवण, जीव द्यावासा वाटतो का, हे विचारायचं सोडू नकोस.

आणि भेटायला आलेली आई दबक्या आवाजात "बाहेर कळणार नाही ना?" म्हणाली, तर तिला घाबरट समजू नकोस. कडक पाळणाऱ्या घरांत स्थळ बघताना घराण्यातला आजार विचारतात, धाकटीचं लग्न अडेल ही तिची धास्ती खरी असते. तिच्याशी कॉरिडॉरमध्ये उभ्याने बोलू नकोस. आत ने, दार लावून घे.