सुईच्या आधी साखर

बाबू, फ्लूची ती दीड हजाराची सुई घेऊ का, असं विचारलंस. तू पंचेचाळीसचा, धडधाकट, सिमेंट कंपनीत ठेकेदाराकडे रोजीवर. तुझं उत्तर वेगळं आणि तुझ्या आईचं वेगळं.

आधी हिशेब. 2018 साली कॉक्रेन नावाच्या संस्थेच्या अभ्यासकांनी जगभरच्या चाचण्या एकत्र मांडल्या. धडधाकट माणसांनी सुई घेतली नाही तर एका हंगामात शंभरातल्या दोघा-सव्वादोघांना खरा फ्लू होतो, घेतली तर जेमतेम एकाला. म्हणजे एकाचा फ्लू टळावा म्हणून 71 जणांनी दंड पुढे करायचा. 71 गुणिले दीड हजार, झाले एक लाख साडेसहा हजार. आणि फ्लूनं तुझं जातं काय? पाचशेनं धरली तर पाच दिवसांची रोजी अडीच हजार, वर डॉक्टर-औषधाचे हजार. साडेतीन हजार वाचवायला लाखभर! उलटा भागाकार कर: सुई पन्नास रुपयांच्या आत मिळाली तरच पैशाच्या बाजूनं परवडते. कंपनीच्या शिबिरात फुकट मिळाली तर विचारत बसू नको, घेजो.

यात अंगदुखी, काळजी काही धरलेली नाही, हेही खरं. 2009 आणि 2015 च्या स्वाइन फ्लूत तरणी माणसंही गेली. तसं साल असलं की हिशेब सुईकडे झुकतो, पण ते साल आधी कोणाला कळतं? इंग्लंडच्या सरकारनं कोरोनाच्या काळात 50 ते 64 वयाच्या धडधाकटांनाही ती फुकट दिली आणि 2023 मध्ये थांबवली. त्यांनीही गणितच केलं असणार.

आता खरी मेख. तू धडधाकट, हे कोणी ठरवलं? शुगर कधी तपासलीच नाही, बीपीचा पट्टा दंडाला कधी बांधलाच नाही, म्हणून आपल्या गावातले निम्मे लोक स्वतःला ठणठणीत समजतात. ग्रामीण रुग्णालयात जाऊन दोन्ही पाहून घेजो. धुळीच्या कामामुळे खोकला ठाण मांडून बसला असेल तर छातीही दाखवजो. साखर किंवा दमा निघाला, तर तू त्या 71 च्या हिशेबातून बाहेर पडलास. मग सुई घ्यायचीच. 2015 पासून राज्य सरकार गरोदर बाया आणि शुगर-बीपीवाल्यांना ती फुकट देत आलं आहे. साठा दरवेळी असेलच असं नाही, एक खेप वाया गेली तर दुसरी घालजो.

आईचं बोलायचं तर, पासष्टीच्या वर 30 जणांमागे एकाचा फ्लू टळतो आणि त्या वयात तो न्यूमोनियावर जायला वेळ लागत नाही. खिशात एकाच सुईचे पैसे असतील तर ती आईच्या दंडात. सूनबाई गरोदर असेल तर तिलाही. जन्मल्यावर पहिले काही महिने बाळालाही त्या सुईचा आधार मिळतो.

घ्यायची ती पाऊस लागण्याआधी. अंगात ताकद यायला दोन आठवडे जातात आणि आपल्याकडे फ्लू पावसाळ्यात उठतो, पुन्हा जानेवारी ते मार्च. दरवर्षी ती बदलते, म्हणून खोक्यावरचं साल वाचजो. आणि मेडिकलमधून घेऊन आपल्या मे महिन्यातल्या उन्हात गाडीच्या हँडलला पिशवी अडकवून दवाखान्यात नेऊ नको. तिला 2 ते 8 अंश लागतात. बर्फाला चिकटवूनही नको, गोठली की वाया. फ्रिज असलेल्या दवाखान्यातच टोचून घे.

सुई घेतली म्हणून पावसाळ्यातला प्रत्येक ताप साधा समजू नको. आपला जंगलपट्टा आहे, इथं मलेरिया-डेंगू आधी. पहिल्याच दिवशी रक्त दे. फ्लूच निघाला आणि घरात म्हातारं किंवा शुगरचं माणूस आजारी असलं, तर ऑसेलटामिविरची गोळी दोन दिवसांच्या आत सुरू झालेली बरी, म्हणून डॉक्टरांना लगेच विचार. आणि ‘एक सलाईन लावून द्या’ असं आपण होऊन म्हणू नको. तोंडानं पाणी जात असेल तर त्या मिठाच्या पाण्याला पाचशे मोजण्यात काय हशील?