आतड्यांचा दाह : सांभाळून जगता येणारा आजार



मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचे एक स्थानक आपल्या सुरतेजवळ अंत्रोलीला आहे, हे आपणांस ठाऊक आहेच. १४ सप्टेंबर २०१७ रोजी या प्रकल्पाची पायाभरणी अहमदाबादेत साबरमती येथे झाली. त्या वेळी जपानचे पंतप्रधान शिंझो आबे उपस्थित होते. त्यांना किशोरवयापासून 'अल्सरेटिव्ह कोलायटिस' हा आतड्याचा आजार होता. २००७ साली तो बळावला आणि त्यांना पंतप्रधानपद सोडावे लागले, पण त्या वेळी त्यांनी आजाराचे नाव घेतले नाही. पुढे नव्या औषधाने आजार आटोक्यात आला, २०१२ साली ते पुन्हा पंतप्रधान झाले आणि जपानमध्ये सर्वाधिक काळ त्या पदावर राहिले. २०२० साली आजार उलटला, तेव्हा मात्र त्यांनी देशासमोर स्पष्टपणे आजाराचे नाव सांगून पद सोडले.

हा आजार शाळकरी वयातही होतो. म्हणून या अंकात त्याची ओळख करून घेऊ.

आजार म्हणजे नेमके काय?

आपल्या शरीरातील रोगप्रतिकारशक्ती जंतूंशी लढते. काही जणांत ती आपल्याच आतड्याच्या अस्तरावर हल्ला करू लागते. तेथे सूज येते, जखमा होतात, रक्त जाते. याला आतड्यांचा दाह किंवा 'आय.बी.डी.' म्हणतात. त्याचे दोन मुख्य प्रकार आहेत. अल्सरेटिव्ह कोलायटिस फक्त मोठ्या आतड्यात होतो. क्रोन्सचा आजार तोंडापासून गुदद्वारापर्यंत कोठेही होऊ शकतो. बहुतेकदा तो लहान आतड्याच्या शेवटच्या भागात आढळतो. न्यूयॉर्कच्या डॉ. बरिल क्रोन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३२ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले, म्हणून हे नाव.

अनुवंशिकता, आतड्यातील जीवाणू आणि राहणीमान अशी अनेक कारणे यात एकत्र येतात. हा आजार संसर्गजन्य नाही. एका ताटात जेवल्याने, एका बाकावर बसल्याने तो लागत नाही. ठेचा किंवा शेवभाजी खाल्ल्याने तो होत नाही, नजर लागल्यानेही होत नाही. त्यात मुलाचा दोष नाही आणि आईच्या स्वयंपाकाचाही नाही.

कधी सावध व्हावे?

आपल्याकडे पोट बिघडले की 'आव पडली' म्हणून दुकानातून गोळी आणतात. रक्त दिसले की मूळव्याध समजतात. दोन-चार दिवसांत बरे झाले तर ठीक. परंतु जुलाब तीन-चार आठवडे चालले, शौचात रक्त किंवा आव पडत राहिली, रात्री झोपेतून उठून जावे लागले, वजन घटले, वारंवार ताप आला, तोंडात फोड आले, सांधे दुखू लागले किंवा मुलाची उंची वाढेनाशी झाली, तर घरगुती उपाय थांबवून डॉक्टरांना दाखवावे. सुरतेत नवी सिव्हिल हॉस्पिटल व महानगरपालिकेचे स्मीमेर ही दोन मोठी सरकारी रुग्णालये आहेत.

रक्त व शौचाच्या तपासणीनंतर दुर्बिणीने आतडे पाहतात आणि अस्तराचा लहानसा तुकडा तपासतात. आपल्या देशात ही तपासणी फार महत्त्वाची आहे. आतड्याचा क्षयरोग आणि क्रोन्स दिसायला सारखे असतात, पण दोघांचे औषध अगदी वेगळे असते.

औषध : बरे वाटले तरी चालू

हा आजार बहुधा आयुष्यभर सोबत राहतो. तो कधी शांत असतो, कधी उसळतो. तो शांत ठेवणे हेच उपचाराचे काम. कोलायटिसमध्ये मेसालामीनच्या गोळ्या बरे वाटत असतानाही घ्याव्या लागतात. इथेच बहुतेक घरांत चूक होते. मूल हसू-खेळू लागले की औषध बंद होते आणि काही महिन्यांनी आजार उलटतो. स्टेरॉइड थोड्या काळासाठी देतात. ते मनाने एकदम बंद करणे धोक्याचे असते. प्रतिकारशक्ती आवरणारी औषधे चालू असताना ठरलेल्या वेळी रक्त तपासावे आणि कोणतीही लस घेण्याआधी डॉक्टरांना विचारावे. अंगदुखीच्या काही गोळ्यांनी आजार उसळू शकतो, म्हणून त्याही विचारूनच घ्याव्यात. सुट्टीत ताप्ती लाइनने नंदुरबार, धुळे, जळगावकडे गावी जाताना पुरेल एवढे औषध सोबत न्यावे.

खाण्याबाबत सर्वांना लागू पडणारा एक नियम नाही. आजार उसळला असता मऊ भात, मुगाची खिचडी असे हलके अन्न सोसते. कच्ची कोशिंबीर व तिखट काही दिवस दूर ठेवावे. आजार शांत असताना मात्र मुलाला चौरस आहार हवा. भीतीपोटी एकेक पदार्थ बंद करत गेल्यास वाढत्या वयातील मूल अशक्त होते.

शाळेत काय व्हावे?

या आजाराच्या मुलाला कळ आली की थांबता येत नाही. तासाला हात वर करून, सर्वांसमोर कारण सांगून परवानगी मागणे त्याला फार जड जाते. मग अशी मुले सकाळी उपाशीपोटी येतात, डबा परत नेतात, पाणी पीत नाहीत, खेळाचा तास टाळतात आणि शेवटी शाळाच बुडवू लागतात. आजाराइतकेच नुकसान ही लाज करते.

उपाय साधे आहेत. पालकांनी डॉक्टरांचे पत्र मुख्याध्यापकांना व वर्गशिक्षकांना द्यावे. शिक्षकांनी अशा विद्यार्थ्यास न विचारता उठून जाण्याची मुभा द्यावी व त्याची जागा दाराजवळ ठेवावी. दप्तरात एक जादा कपड्यांचा जोड असावा. बोर्डाच्या परीक्षेआधी काय सवलत मिळू शकते याची शाळेमार्फत वेळेत चौकशी करावी. विश्वस्तांनी प्रत्येक मजल्यावर निदान एक शौचालय असे ठेवावे, जिथे कडी लागते, नळाला पाणी असते व साबण असतो. याचा लाभ सर्वच मुलांना, विशेषतः मुलींना होईल.

आणि मित्रांनो, तुम्ही? वर्गातील कोणी वारंवार बाहेर जात असेल तर हसू नका. त्याचा बुडालेला अभ्यास वहीतून उतरवून द्या. त्याने विश्वासाने काही सांगितले तर ते चारचौघांत बोलू नका.

अमेरिकेची जलतरणपटू कॅथलीन बेकर हिला शाळकरी वयातच क्रोन्सचे निदान झाले. उपचार सांभाळून तिने सराव चालू ठेवला आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये १०० मीटर बॅकस्ट्रोकमध्ये रौप्यपदक मिळवले. प्रत्येकाला पदक मिळणार नाही, पण वेळेवर निदान, नियमित औषध आणि समजूतदार शाळा लाभली तर अशा मुलांना शिकता येते, खेळता येते, पुढे नोकरी-संसारही करता येतो. दरवर्षी १९ मे हा या आजाराविषयीचा जागतिक दिवस असतो. तेव्हा आपली शाळा सुट्टीवर असते, म्हणून ही माहिती आजच घरी वाचून दाखवा.

स्वाध्याय

१. आतड्यांचा दाह संसर्गजन्य का नाही, ते दोन वाक्यांत सांगा.
२. बरे वाटत असतानाही औषध का चालू ठेवावे लागते?
३. आपल्या वर्गात असा विद्यार्थी असेल तर तुम्ही कोणत्या तीन गोष्टी कराल? घरी चर्चा करून लिहा.