कठडा नसलेली विहीर व वन्य प्राणी
अक्कलकोट तालुक्यातील मैंदर्गीसारख्या कोरडवाहू भागात कठडा नसलेली विहीर माणसांप्रमाणेच वन्य प्राण्यांसही घातक ठरते. सोलापूर जिल्ह्यातील माळरानांवर लांडगा, कोल्हा व काळवीट आढळतात. रात्री एखादा प्राणी अशा विहिरीत पडतो.

त्यास काढण्यासाठी शेतकऱ्याने विहिरीत उतरू नये. भेदरलेला प्राणी चावतो वा शिंगे मारतो. वनखात्यास १९२६ या क्रमांकावर त्वरित कळवावे व गर्दी हटवावी. प्राणी बुडत असल्यास टेकण्यापुरती बाज काठावरूनच दोराने सोडावी. जाळे वा पिंजरा सोडून त्यास वर काढण्याचे काम वनरक्षकांचे आहे.

चावा झाल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि विनाविलंब रुग्णालयात रेबीज प्रतिबंधक लस घ्यावी.

खरा उपाय मात्र अगोदरचाच होय : विहिरीस कमरेइतका पक्का कठडा बांधावा.