आधी महिना, मग तिकीट

मराठी घरातली मोठी सहल वर्षातून दोनदाच ठरू शकते, दिवाळीत नाहीतर मे महिन्यात. शाळा, परीक्षा आणि रजा या तिघांचं एकमत तेवढ्याच वेळी होतं. ताडोब्याला जाणाऱ्याचं त्यात काही बिघडत नाही. उलट मेच्या उन्हात पाणवठ्यावर वाघ दिसण्याची शक्यता वाढते. झांबियातल्या लुआंग्वा खोऱ्याचं ऋतुचक्र मात्र आपल्या सुट्ट्यांशी जुळत नाही, आणि आमची सहल आखणाऱ्यानं हे आम्हाला सांगितलं नाही. त्यानं दाखवलेले फोटो कोरड्या पडलेल्या ऑक्टोबरचे होते, आणि तिकिटं मेच्या पहिल्या आठवड्याची.

लुआंग्वात पाऊस साधारण नोव्हेंबरमध्ये सुरू होतो आणि एप्रिलपर्यंत रेंगाळतो. मेमध्ये आम्ही पोचलो तेव्हा आकाश निळंशार होतं, हवा सुखद होती आणि गवत गाडीच्या बॉनेटपेक्षा उंच होतं. त्या गवतात सिंहांचा कळप दहा हातांवर झोपलेला असला तरी दिसणार नाही. जमीन आपल्या विदर्भातल्यासारखी काळी, भिजली की चाक धरून ठेवणारी. त्यामुळे आतले बरेच रस्ते अजून बंद होते. शिवाय रानात जागोजागी पाणी साठलेलं होतं. जनावरांना नदीवर यायची गरजच नव्हती. ऑक्टोबरच्या फोटोंत नदीकाठी हत्ती, रानम्हशी आणि झेब्रे दाटीवाटीने उभे दिसतात, कारण तेव्हा दुसरीकडे कुठे पाणी उरलेलं नसतं.

आणखी एक गोष्ट आम्हाला तिथे गेल्यावर कळली. आतल्या भागातले छोटे कॅम्प कायमचे नसतात. पावसाळ्यापूर्वी ते मोडतात आणि पाणी ओसरलं की गवत-लाकडाने पुन्हा उभे करतात. आमच्या कार्यक्रमातला असा एक कॅम्प तेव्हा उभाच राहायचा होता. आम्हाला मुख्य प्रवेशद्वाराजवळच्या मोठ्या लॉजमध्ये हलवण्यात आलं. पैसे तेवढेच. म्हणून बुकिंग करताना कॅम्पचं नाव ऐकून माना डोलावू नका. तो यंदा कोणत्या तारखेला उघडणार आणि रस्ता खराब असला तर पर्यायी जागा कोणती, हे लेखी घ्या.

मे अगदीच वाया गेला असं म्हणणं खोटं ठरेल. इम्पालांचा माजाचा काळ होता. एवढंसं नाजूक हरीण घशातून असा काही आवाज काढतं की पहिल्या रात्री जाऊबाई तंबूत उठून बसल्या, सिंहच आला म्हणून. पण हे पाहायला यायचं असेल तर ते ठरवून यावं.

सिंह, बिबटे आणि पाण्यावरची गर्दी हवी असेल तर ऑगस्ट ते ऑक्टोबर. त्यातही सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये नदीच्या कड्यांत किरमिजी वेड्या राघूंच्या वसाहती भरतात. ऑक्टोबरचं ऊन मात्र भाजून काढतं, पारा चाळिशीच्या वर जातो आणि बऱ्याच कॅम्पमध्ये एसी नसतो. जून-जुलै मला सगळ्यांत समतोल वाटतात. गवत बसू लागलेलं असतं, पायी फिरायला हवा उत्तम असते. फक्त पहाटे उघड्या गाडीत दात वाजतात. आफ्रिका म्हणजे उकाडा असं समजून आपली माणसं बॅगेत नुसते सुती सदरे भरतात. स्वेटर आणि कानटोपी लागतेच. अडचण एवढीच की जूनमध्ये आपल्याकडे शाळा सुरू होतात. ज्यांची मुलं मोठी झाली आहेत त्यांनी हा फायदा घ्यावा.

याच हिशेबात व्हिक्टोरिया धबधबाही अडकतो. झांबियाच्या प्रत्येक कार्यक्रमात तो असतोच. झांबेझी नदीला पूर साधारण एप्रिल-मेमध्ये असतो. तेव्हा तुषारांचा पडदा इतका दाट की समोर उभं राहून धबधबा दिसत नाही. माणूस चिंब होऊन परततो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये झांबियाच्या बाजूला बराचसा कातळ उघडा पडतो. म्हणजे धबधबा भरात असतो तेव्हा जनावरं विखुरलेली आणि जनावरं नदीवर येतात तेव्हा धबधबा रोडावलेला. एकाच सहलीत दोन्ही 'सर्वोत्तम' दाखवतो म्हणणाऱ्याला महिना विचारा.

आमच्या छापील पत्रकावर 'बिग फाइव्ह'ची, म्हणजे सिंह, बिबट्या, हत्ती, रानम्हैस आणि गेंडा यांची, हमीही होती. आम्ही गेलो त्या दक्षिण लुआंग्वा उद्यानात गेंडा नाही. चोरट्या शिकारीमुळे १९९८ पर्यंत झांबियातून काळा गेंडा संपल्याचं जाहीर झालं होतं. २००३ पासून तो पुन्हा आणला गेला तो उत्तर लुआंग्वात, आणि ते उद्यान वेगळं आहे. चित्ताही दक्षिण लुआंग्वात दिसत नाही, त्यासाठी काफुए उद्यानाकडे जावं लागतं. इथे काय आहे तर थॉर्निक्रॉफ्टचा जिराफ, जो या खोऱ्याबाहेर जगात कुठेच नाही. पाणघोडे तर इतके की रात्रभर त्यांची घुरघुर चालते. आणि बिबटे. आपल्याकडे कोअर क्षेत्रात सूर्यास्तानंतर थांबता येत नाही. इथे अंधार पडल्यावर स्पॉटलाइट घेऊन गाडी फिरते आणि बिबट्या तेव्हाच कामाला लागतो. पाच जनावरांच्या यादीवर खुणा करायला निघालेल्याला हे सगळं दिसूनही हुरहूर लागून राहते. आमच्या गाडीत एक सद्गृहस्थ शेवटपर्यंत गेंडा मागत होते.

लुआंग्वाला खरं तर चालायला जावं. नॉर्मन कार यांनी १९५० मध्ये एन्सेफू या स्थानिक जमातप्रमुखाशी बोलून इथे पर्यटकांसाठी पहिला कॅम्प उभा केला आणि त्याचं उत्पन्न गावाकडे वळवलं. पायी सफारीची परंपराही त्यांनीच या खोऱ्यात रुजवली. दक्षिण लुआंग्वा राष्ट्रीय उद्यान १९७२ मध्ये झालं, क्षेत्र सुमारे ९,०५० चौरस किलोमीटर. पायी निघताना पुढे बंदूकधारी सरकारी स्काउट, त्याच्यामागे गाइड, मग आपण एका ओळीत. बोलायचं नाही आणि काहीही झालं तरी पळायचं नाही. बारा वर्षांखालच्या मुलांना सहसा नेत नाहीत. हेही आम्हाला आधी कळलं नव्हतं. त्यामुळे दहा वर्षांचा भाचा कॅम्पवर राहिला आणि त्याच्यासाठी त्याची आईही. एवढा खर्च करून आलेल्या माणसानं सकाळभर खुर्चीत बसून पुस्तक वाचावं, याला काय म्हणायचं? लहान मुलं असतील तर लॉज कोणतं, मुलांसाठी काय सोय, हे पहिल्याच फोनमध्ये विचारा.

कपड्यांचं प्रकरण मेहुण्यांवर शेकलं. ताडोब्याच्या मोहर्ली गेटवर निम्मे फोटोग्राफर लष्करी छापाचं जॅकेट घालून उभे असतात, मेहुणे त्यातलेच. झांबियात सामान्य नागरिकानं असा पोशाख घालणं कायद्याला मान्य नाही. गाइडनं हसत हसत पण स्पष्टपणे ते बॅगेत ठेवायला लावलं. मग त्यांनी गडद निळा शर्ट घातला, आणि त्सेत्से माश्यांनी त्यांना सोडलं नाही. या माश्या निळ्या-काळ्या रंगाकडे ओढल्या जातात. त्यांना पकडायचे सापळेसुद्धा त्याच रंगांच्या कापडाचे असतात. कापडावरून चावतात आणि चांगल्याच चावतात. खाकी, मातकट किंवा फिका हिरवा रंग घ्या. आतल्या धावपट्ट्यांवर जाणाऱ्या छोट्या विमानांत सामान साधारण १५ किलोच नेता येतं, तेही मऊ बॅगेत. चाकांची कडक सूटकेस तिथे चढत नाही. मोठी लेन्स नेणाऱ्यांनी आधी वजनाचा हिशेब मांडावा.

आता तब्येतीचं. मलेरिया आपल्याकडेही आहे, आपल्याला काय होणार, हा गैरसमज मी एकाहून अधिक शिकलेल्या माणसांकडून ऐकला. लुआंग्वातला मलेरिया प्रामुख्याने फाल्सिपेरम जातीचा, म्हणजे जिवावर बेतणारा. प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरांना विचारून घ्यायच्या, जाण्याआधी सुरू करायच्या आणि परत आल्यावरही सांगितलेले दिवस पुऱ्या करायच्या. घरी आल्यानंतर काही आठवड्यांनी ताप आला तरी डॉक्टरांना पहिल्या वाक्यात आफ्रिकेचं नाव सांगा.

पीतज्वराचा घोळ वहिनीनं वेळीच पकडला म्हणून बरं. ती डॉक्टर आहे. परतीच्या वाटेवर आयोजकानं नैरोबीत एका रात्रीचा मुक्काम घातला होता, राहण्याचा खर्च कमी पडतो म्हणून. केनिया आणि इथिओपिया भारताच्या पीतज्वराच्या यादीत आहेत. तिथे विमानतळाबाहेर पाऊल टाकलं आणि लसीचा दाखला नसेल, तर भारतात उतरल्यावर विलगीकरणात ठेवू शकतात. लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते, तीही सरकारमान्य केंद्रावर, आणि तिथली तारीख मिळवण्यात वेळ जातो. साठीपुढच्यांना ही लस देताना डॉक्टर विचार करतात. आमच्यात सत्तरीच्या काकू होत्या, म्हणून आम्ही नैरोबी वगळून दुबईमार्गे परतलो. थोडे पैसे जास्त गेले. यादी बदलत असते, तेव्हा तिकीट काढण्याआधीच ती पाहावी. विमा घेताना दुर्गम भागातून विमानानं हलवण्याचा खर्च त्यात आहे का, तेही वाचा; लुआंग्वाहून मोठं रुग्णालय जवळ नाही.

खाण्याची काळजी आपण उगाच करतो. शाकाहारी असल्याचं आधी कळवलं तर कॅम्पवाले नीट सोय करतात. मक्याच्या पिठाची घट्ट एन्शिमा आणि शेंगदाण्याचं कूट घालून शिजवलेली पालेभाजी, तिला इफिसाशी म्हणतात, हे जेवण काकूंनी दोनदा मागून घेतलं. काळजी करायची ती डब्यांची. चिवडा, लाडू, फळं तंबूत ठेवायची नाहीत. कॅम्पला कुंपण नसतं. माकडं आणि बबून चेन उघडतात, आणि हत्ती कापड फाडायला मागेपुढे पाहत नाही. लुआंग्वातल्याच एम्फुवेच्या एका लॉजमध्ये तर रानआंब्याच्या दिवसांत हत्तींचा कळप स्वागतकक्षातून चालत पलीकडच्या झाडाकडे जातो. खाऊ स्वयंपाकघरात द्या. अंधार पडल्यावर सोबतीला माणूस आल्याशिवाय तंबूबाहेर पडू नका, पाणघोडे तेव्हा चरायला वर आलेले असतात.

डॉलर नव्या छपाईचे आणि न दुमडलेले न्या. जुन्या नोटा नाकारतात. नैरोबीत थांबणारच असाल तर प्लॅस्टिकच्या पिशव्या बॅगेतून काढा, केनियात २०१७ पासून त्यांवर बंदी आहे.

ज्यांना सुट्टी दिवाळीतच मिळते त्यांनी ऑक्टोबरअखेरचं लुआंग्वा घ्यावं, ऊन सोसण्याची तयारी ठेवून. दिवाळी नोव्हेंबरात आली तर मी कासांका सुचवेन. राजधानी लुसाकाच्या ईशान्येला असलेलं हे लहानसं उद्यान केनियाला जाणाऱ्या कोणाच्या गावीही नसतं. ऑक्टोबरच्या अखेरीपासून डिसेंबरपर्यंत तिथल्या दलदलीतल्या एका छोट्या जंगलात फळं खाणारी वटवाघळं उतरतात. ती एक कोटीच्या घरात असल्याचा अंदाज सांगतात. संध्याकाळी ती एकदम उठतात आणि पहाटे परततात. इथे पाऊस हा अडथळा नाही, पाऊस आला की फळं पिकतात म्हणून तर ती येतात. रस्ता लांबचा आहे, एका दिवसात लुसाकाहून जाऊन येण्याचा विचार करू नका. झाडांवर बांधलेल्या मचाणांच्या शिड्या उंच आहेत. गुडघे कुरकुरत असतील तर बुकिंगच्या वेळीच सांगा, खालून बघण्याची जागा ते दाखवतील.