चार किलोमीटरची फिल्म आणि अडीचशेचं तिकीट

मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, माझं शिक्षण कॉन्व्हेंटचं. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला. पण हा विषय मला मराठीतच लिहायचा होता, कारण तो आमच्या साक्रीच्या घरातला आहे.

गेल्या दिवाळीत आम्ही नाशिकला मावशीकडे गेलो होतो. तिथे मल्टिप्लेक्सला जायचं ठरलं. तिकीट प्रत्येकी २५० रुपये! आजी लगेच अहिराणीत म्हणाली, “पिच्चर देखाले इतला पैसा लागतस का रे भाऊ?” आम्ही पाच जण होतो, पण पप्पांनी चारच तिकिटं काढली. “मला कुठे आवड आहे पिक्चरची? मी बाहेर बसतो,” असं म्हणाले.

आत आवाज आणि चित्र एकदम फर्स्ट क्लास होतं. आजीसुद्धा खूश झाली. पण नंतर नानांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, हळूच सांगितलं की हेच पप्पा लहानपणी यात्रेत तंबू टॉकीज आली की रात्री दोन-दोन खेळ बघायचे आणि दुसऱ्या दिवशी शाळेत झोपायचे. तेव्हापासून एक प्रश्न डोक्यातून जात नाही. टेक्नॉलॉजी सुधारली की वस्तू स्वस्त होते असं आपण शिकतो. मग सिनेमा महाग का झाला?

आधी जुनं मशीन समजून घेऊ. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर सेकंदाला २४ चित्रं पळतात. एका फुटात १६ चित्रं बसतात, म्हणजे मिनिटाला ९० फूट फिल्म लागते. अडीच तासांच्या सिनेमाला १३,५०० फूट, म्हणजे चार किलोमीटरपेक्षा जास्त! ही सगळी फिल्म डब्यांत भरून गावोगाव न्यावी लागायची. प्रत्येक प्रिंट काढायला हजारो रुपये लागायचे, म्हणून प्रिंट मोजक्याच निघायच्या. आधी मोठी शहरं, मग जिल्हा, मग तालुका. आमच्याकडे पोहोचेपर्यंत फिल्मवर ओरखडे पडलेले असायचे. नाना म्हणतात, “आमच्या पिक्चरमध्ये कायम पाऊस पडायचा.”

आता डिजिटल. साधारण २००५ नंतर आपल्याकडे उपग्रहावरून थेट थिएटरच्या सर्व्हरवर सिनेमा पाठवणं सुरू झालं. हार्ड डिस्कवरूनही पाठवतात. फाइल कुलूपबंद असते आणि ठरलेल्या मुदतीपुरतीच उघडते. टू-के चित्रात २०४८ गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २२ लाख पिक्सेल असतात. फोर-के मध्ये याच्या चौपट. शंभरावा खेळ पहिल्या खेळाइतकाच स्वच्छ दिसतो. म्हणजे प्रत काढणं स्वस्त झालं आणि मुंबईचा शुक्रवार तालुक्याचाही शुक्रवार होऊ शकला. हा फायदा खरंच मोठा आहे.

मग आमचे २५० रुपये गेले कुठे? हिशोब करून बघू. १०० रुपयांवरच्या तिकिटाला १८ टक्के जीएसटी आहे. २५० ला १.१८ ने भागलं की मूळ किंमत सुमारे २१२ रुपये येते आणि कर ३८. निर्माते आणि मल्टिप्लेक्सवाले यांच्यात वाटणीवरून २००९ साली भांडण झालं होतं. एप्रिल ते जून नवे मोठे हिंदी सिनेमे लागलेच नाहीत. शेवटी पहिल्या आठवड्यात निम्मा वाटा असं ठरलं. तोच हिशोब धरला तर १०६ रुपये सिनेमावाल्यांचे आणि १०६ थिएटरचे. थिएटरच्या वाट्यातून जागेचं भाडं, एसी, वीज, पगार, गुबगुबीत खुर्ची आणि प्रोजेक्टर, सगळं भागवायचं.

इथे माझी ट्यूब पेटली. स्वस्त झाली ती सिनेमाची प्रत. महाग झाली ती आपण बसतो ती जागा. तंत्रज्ञानाला शिव्या देऊन उपयोग नाही.

आजीला मी विचारलं, “तुला काय आवडलं?” ती म्हणाली आवाज. खुर्ची मागे झुकते हे तिला शेवटपर्यंत कळलंच नव्हतं! म्हणजे जे तिला हवं होतं ते साध्या हॉलमध्येही मिळालं असतं. चांगला पडदा, चांगले स्पीकर, पंखे, स्वच्छ बाथरूम आणि तिकीट १०० च्या आत. २२ सप्टेंबर २०२५ पासून १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला आहे. म्हणजे स्वस्त तिकिटाला सरकारी सवलतही आहे. अर्थात, रोज पुरेसे प्रेक्षक आले नाहीत तर असा हॉल चालणार नाही, हेही खरं. घरबसल्या मोबाईलवर बघणारे आपणच आहोत ना?

आपण इंजिनिअर होणार. नवीन मशीन आलं की त्याची क्षमता आपण लगेच पाठ करतो. पण ते आल्यावर कोण आत बसलं आणि कोण बाहेर राहिलं, हेही मोजायला हवं असं मला वाटतं.

येत्या सुट्टीत पप्पांना घेऊन जाणार आहे. मेसच्या पैशांतून थोडे वाचवतोय. “मी बाहेर बसतो” म्हणाले तर या वेळी ऐकणार नाही.