सहा पायऱ्यांचा फॉर्म आणि थकलेले अठरा हजार

"साधा फॉर्म तर आहे हो, दोन दिवसांचं काम," असं जो ग्राहक म्हणेल, त्याच्याकडून आधी पैसे घ्या. माझा पहिला सल्ला हाच. मी बरेचसे घेतले होते म्हणून वाचलो. अठरा हजार राहिले, त्यांची ही गोष्ट.

काम एका शिक्षणसंस्थेच्या ऑनलाइन प्रवेशअर्जाचं. संस्थेचं नाव सांगत नाही. वैयक्तिक माहिती, पत्ता, गुण, प्रवर्ग, कागदपत्रं, फी अशा सहा पायऱ्या. सचिवसाहेबांची एकच अट होती, "पान रिफ्रेश व्हायला नको, कसं सरसर पुढं गेलं पाहिजे." म्हणून सगळा फॉर्म एकाच पानावर ठेवला. एक पायरी दिसते, बाकीच्या लपलेल्या. ‘पुढे’ दाबलं की समोरची पायरी तपासायची. प्रत्येक पायरी सर्व्हरवर तपासून तिथेच साठवू, त्याला चार दिवस जास्त लागतील, असं मी मेलवर लिहिलं होतं. उत्तर आलं, "नंतर बघू." तो मेल मी अजून जपून ठेवला आहे.

प्रवेश सुरू व्हायला दोन दिवस उरले असताना रात्री दहाला फोन. "अहो, नॉन-क्रिमिलेयर दाखल्याचा नंबर राहिला की! तो पाहिजेच." घातला. ओबीसी निवडलं की रकाना उघडणार आणि सक्तीचा होणार. दुसऱ्या दिवशी साहेबांच्या केबिनमध्ये, त्यांच्या कॉम्प्युटरवर, फॉर्म भरून दाखवला. पेढेही आले.

प्रवेश सुरू झाले त्या दुपारपासून माझा फोन थांबेना. "बटण दाबलं तरी काहीच होत नाही." लाल अक्षरं नाहीत, सूचना नाही, काही नाही. सर्व्हरच्या नोंदींतही काही नाही, कारण तिथवर काही पोचतच नव्हतं. "माझ्याकडे तर चालतंय," असं मी किती जणांना सांगितलं असेल कोण जाणे. या धंद्यात याच्याइतकं निरुपयोगी वाक्य दुसरं नाही. संध्याकाळी संस्थेच्या ग्रुपवर निरोप पडला, ‘डेव्हलपरच्या हलगर्जीपणामुळे विद्यार्थ्यांची गैरसोय होत आहे.’ मला न विचारता, मी ग्रुपमध्ये असताना.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाइक काढली आणि तालुक्याच्या सायबर कॅफेत जाऊन बसलो. एक मुलगी आणि तिचे वडील फॉर्म भरत होते. सहावी पायरी, ‘अर्ज सादर करा’. वडिलांनी पाच-सहा वेळा क्लिक केलं आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "साहेब, हे ऐकतच नाय." मी विचारलं, मधे कुठे काही बदललंत का? मुलगी म्हणाली, "आधी चुकून ओबीसी झालं होतं. मग मागे जाऊन खुला केला."

तेव्हा डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ब्राउझरचा कन्सोल उघडला, तर तिथे एकच ओळ : सक्तीचा रकाना रिकामा आहे, पण त्याच्यावर फोकस नेता येत नाही. ‘खुला’ निवडल्यावर नंबराचा रकाना मी लपवला होता, त्याची सक्ती काढली नव्हती. ब्राउझर त्या अदृश्य रकान्यापाशी अडत होता. बोट दाखवायला जागाच नाही, म्हणून गप्प बसत होता. केबिनमधल्या डेमोत हे दिसणं शक्यच नव्हतं. तिथे कुणी चुकून ओबीसी निवडून मागे गेलंच नव्हतं. चुकतं ते खरं माणूस.

इथवर चूक निम्मी त्यांची, असं मी आजही म्हणतो. पुढची मात्र पूर्ण माझी. कॅफेतूनच, घाईत, मी फॉर्मला ‘नोव्हॅलिडेट’ लावून ब्राउझरची तपासणी बंद केली आणि ‘पुढे’ बटणातली तपासणीही सैल केली. अर्ज धडाधड जायला लागले. मुलीच्या वडिलांनी चहा पाजला. रात्री डेटाबेस उघडला तर गुणांचे रकाने कोरे असलेले अर्ज आत आलेले! सर्व्हरवर मी फक्त शेवटची पायरी तपासत होतो. आधीच्या पाच ब्राउझरने तपासल्या आहेत, असं धरून चाललो होतो.

पायऱ्या असतात त्या भरणाऱ्याच्या सोयीसाठी. सर्व्हरसाठी पायऱ्या नसतातच. त्याने शेवटी अख्खा अर्ज पहिल्या रकान्यापासून नव्याने तपासला पाहिजे, मग तो कुठल्याही वाटेने आलेला असो. ब्राउझरमधली तपासणी म्हणजे दारातला ‘या, बसा’. कुलूप सर्व्हरवर लागतं. हे मला माहीत नव्हतं असं नाही. मीच मेलमध्ये लिहिलं होतं, आणि मीच सोडून दिलं.

नंतरच्या बैठकीत सचिवसाहेब म्हणाले, "टेस्टिंग हे तुमचं काम." रात्री दहाचा फोन कुणालाच आठवत नव्हता. उरलेलं बिल ‘विचाराधीन’ झालं.

आता ज्यांच्या वाट्याला असं काम येईल, त्यांच्यासाठी.

आधीचं उत्तर बदललं की पुढचं काय काय रद्द होतं, हे कोड लिहिण्याआधी कागदावर काढा. रकाना लपवला की त्याची सक्ती काढा आणि त्यातला जुना मजकूरही टाकून द्या. नाहीतर खुल्या प्रवर्गातल्या मुलाच्या अर्जात दाखल्याचा नंबर चिकटून राहतो.

प्रत्येक पायरी ‘पुढे’ दाबताच सर्व्हरवर मसुदा म्हणून साठवा आणि अर्जक्रमांक पहिल्याच पायरीला द्या. पीएचपीत सेशनची मुदत मुळात १४४० सेकंद, म्हणजे २४ मिनिटं असते. वडील घरी जाऊन दाखला घेऊन येईपर्यंत माझा फॉर्म कोरा होत होता. या तक्रारी वेगळ्या, त्यांचा मजकूर तर छापण्यासारखाही नाही.

फाइल चढवण्याची मर्यादा तपासा. पीएचपीत मुळात एका फाइलला २ एमबी आणि पूर्ण अर्जाला ८ एमबी. अर्जाचं वजन ८ च्या वर गेलं की सर्व्हरच्या हाती सगळेच रकाने रिकामे येतात. मुलांनी मोबाइलवरून गुणपत्रिकांचे जड फोटो चढवले आणि फॉर्म त्यांना सांगत बसला, ‘कृपया नाव भरा’.

नावाला ए ते झेडचं कुंपण घालू नका. मराठी नावं अडतातच, वसईच्या डि’सोझांचा अपॉस्ट्रॉफीही अडतो. ‘युनिकोडमधलं कुठलंही अक्षर चालेल’ एवढाच नियम लिहिलात तरी ‘मीरा’ अडेल, कारण काना-वेलांटी युनिकोडमध्ये अक्षरांत नाही, चिन्हांत मोजली जाते. दोन्हींना वाट द्या. मराठी कीबोर्डवरून आलेले ९ आणि ८ सर्व्हरवर 9 आणि 8 करून घ्या. जावास्क्रिप्टच्या नेहमीच्या पॅटर्नला आपले अंक हे अंकच वाटत नाहीत.

तारीख मजकूर म्हणूनच पाठवा. आपल्याकडच्या मध्यरात्रीचं जावास्क्रिप्टने जागतिक वेळेत रूपांतर केलं की साडेपाच तास मागे जाऊन आदला दिवस येतो. गुरुजींनी शाळेत जन्मतारीख १ जून लिहिलेल्या पालकांची माझ्या यादीत ३१ मेची रांग लागली होती.

मोबाइलचं ‘मागे’ बटण आधीच्या पायरीवर न्यायला हवं, फॉर्मच्या बाहेर नाही. त्यासाठी प्रत्येक पायरीला स्वतःचा पत्ता द्या. चूक दाखवताना पायरीचं नाव सांगा आणि तिथे नेणारी लिंक द्या. शेवटी सगळी उत्तरं एका पानावर दाखवून ‘बदला’ची सोय ठेवा. ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळांवर हे दोन्ही असतं, तिथून शिकण्यात लाज नाही. आणि फी भरली गेली का, हे विद्यार्थ्याच्या ब्राउझरवर विसंबून ठरवू नका. पेमेंटवाल्यांच्या सर्व्हरकडून खात्री करा.

बाकी नेहमीचंच. सगळं लेखी घ्या, बॅकअप ठेवा, रात्री दहानंतरचे फोन उचलू नका. चाचणी मात्र केबिनमध्ये करू नका. सायबर कॅफेत बसा, एखाद्याला फॉर्म भरू द्या आणि तोंड बंद ठेवा.

पुढे तो फॉर्म मी पुन्हा लिहिला, फुकट, कारण त्या मुलीचा अर्ज अडकल्याचं माझ्या मनाला लागलं होतं. या जूनमध्येही संस्थेचे प्रवेश त्याच फॉर्मवर झाले. तक्रारीचा एकही फोन आला नाही. अठरा हजारही आले नाहीत.