मेडिकलवरची ट्यूब आणि तुझे गाल

अगं, आधी तो हात गालावरून खाली घे. फोड आठवड्यात बसला असता, पण दाबून पू काढलास की त्याचा काळा डाग कितीतरी महिने राहतो. आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीवर तर जास्तच.

ताबुतांच्या भेटी बघायला पाहुणे येणार, त्यातच तुला बघायचाही कार्यक्रम उरकायचा, म्हणून तुझी घाई चाललीय हे मला कळतं. मोहरमला सगळं कडेगाव माणसांनी फुलतं आणि येणारा प्रत्येकजण नेमका तुझ्या तोंडाकडे बघून ‘हे काय गं झालं?’ विचारतो. जीव नकोसा होतो, हे मी समजू शकते. पण त्या घाईत तू मेडिकलमध्ये जाऊन ‘तोंडाला काहीतरी द्या’ म्हणालीस आणि मिळालेल्या ट्यूबने आठ दिवसांत चेहरा लख्ख झाला. खरं सांगू का, ते ऐकून माझ्या पोटात गोळाच आला.

ती ट्यूब आण बरं इकडे. खोक्यावरची बारीक अक्षरं वाच. बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन यातलं काही दिसलं तर ते स्टेरॉइड आहे. ते लाली आणि सूज दाबतं, म्हणून सुरुवातीला फार गुणकारी वाटतं. मग हळूहळू कातडी पातळ होते, बारीक लाल शिरा दिसतात, नको तिथे लव वाढते, उन्हात गेलं की तोंडाची आग होते. आणि ज्या फोडांसाठी लावलं ते दुप्पट होऊन येतात. लावणं थांबवलं की चेहरा भडकतो, म्हणून पोरी पुन्हा तीच ट्यूब आणतात. हे इतकं वाढलं की 2018 मध्ये केंद्र सरकारने अशी 14 स्टेरॉइड चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत, असं ठरवलं. तरी ती हातोहात मिळतात. तू पंधरा दिवसच लावलंयस ना? मग घाबरू नकोस. महिनोन्‌महिने लावलं असतंस, तर थांबवायचं कसं तेही डॉक्टरलाच विचारायला लागलं असतं. आणि नाव-पत्ता नसलेली गोरं करायची क्रीम तर घरातच आणू नकोस. अकोल्यात एकाच घरातल्या तिघींच्या किडन्यांना असल्याच क्रीमने त्रास झाला होता. त्यात पारा निघाला.

आता खरं औषध कसं असतं ते सांगते, म्हणजे डॉक्टरची चिठ्ठी हातात आल्यावर गांगरणार नाहीस. बहुतेक रात्रीला ॲडापलीनचं जेल देतील आणि सकाळी बेन्झॉइल पेरॉक्साइड. ॲडापलीन फक्त फोडावर ठिपका देऊन लावायचं नसतं. मटाराच्या दाण्याएवढं घ्यायचं आणि सगळ्या चेहऱ्याला पुरवायचं. डोळे, ओठ आणि नाकाचे कोपरे सोडून. तोंड धुतल्यावर पूर्ण कोरडं होऊ दे, मग लाव. सुरुवातीला एक दिवसाआड, वरून साधं मॉइश्चरायझर. बेन्झॉइल पेरॉक्साइडने कापडाचा रंग उडतो बघ, तेव्हा आईचा नवा टॉवेल घेऊ नकोस, पांढरा पंचा वापर. सकाळी सनस्क्रीन हवंच, नाहीतर डाग आणखी गडद होतात.

आणि हे नीट ऐक. पहिल्या दोन-चार आठवड्यांत फोड वाढल्यासारखे दिसतील, सालं निघतील. नेमक्या त्याच वेळी पोरी औषध सोडून देतात. तू सोडू नकोस गं. फरक दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात. खूपच आग झाली तर दोन दिवस थांब, मग पुन्हा कमी वेळा लाव. पाहुण्यांच्या तारखेआधी सगळं गुळगुळीत होईल असं तुला कोणी सांगत असेल, तर ते खोटं आहे.

फोड मोठे, दुखरे असतील तर गोळ्याही देतील. डॉक्सीसायक्लीन दिली तर जेवणानंतर पेलाभर पाण्याबरोबर घे आणि लगेच आडवी पडू नकोस, घशाखाली जळजळतं. दुधाबरोबर घ्यायची नाही, आणि तुझी ती लोहाची गोळी वेगळ्या वेळी. या गोळीने ऊन बाधतं, तेव्हा उसाच्या रानात जाताना तोंड झाकून जा. शेजारणीच्या उरलेल्या गोळ्या कधीच घेऊ नकोस.

आयसोट्रेटिनॉइन ही सगळ्यात जोरदार गोळी. हट्टी, खड्डे पाडणाऱ्या फोडांना ती फार चांगली, पण गोळ्या चालू असताना दिवस गेले तर बाळात गंभीर व्यंग येऊ शकतं. म्हणून सुरू करायच्या आधी तपासणी, चालू असताना आणि थांबवल्यानंतरही महिनाभर दिवस जाऊ द्यायचे नाहीत. लग्न ठरतंय ही गोष्ट डॉक्टरला तोंडावर सांग, लाजू नकोस. आईसमोर बोलवत नसेल तर एकटीने आत जा. लिव्हर आणि चरबीसाठी रक्त तपासतात, ओठ सुकतात, चेहऱ्याचं वॅक्सिंग बंद ठेवायचं. मन फार उदास वाटायला लागलं तर तेही लगेच सांगायचं. ही गोळी आणि डॉक्सीसायक्लीन एकत्र चालत नाहीत.

पाळी पुढे-मागे होत असेल, हनुवटीवर केस येत असतील, तर तेही सांग. मग औषधाची दिशाच वेगळी असते. आजीचं लिंबू आणि टूथपेस्ट मात्र तिला प्रेमाने नाही म्हण. डोक्याला तेल लावायचंच तर रात्री केस बांधून झोप, कपाळावर तेल उतरू देऊ नकोस.

चार-पाचशेची क्रीम घेण्यापेक्षा सांगलीच्या सिव्हिलला त्वचेच्या ओपीडीत जा, नाहीतर कराडला कृष्णा हॉस्पिटलला. सकाळची एसटी धर, नंबर लवकर लागतो. आजवर तोंडाला लावलेल्या सगळ्या ट्यूबा पिशवीत घाल, रिकाम्या असल्या तरी. मागच्या पाळीची तारीख कागदावर लिही, आणि चेहऱ्याला पावडर लावून जाऊ नकोस. मी आहे बरोबर, फक्त आदल्या दिवशी कळव.